वाताची गोळी: घेऊ का नको?

गेल्या महिन्यात बीड जिल्ह्यातील एका गावात हरिनाम सप्ताहाच्या समारोपानंतर मंदिराच्या सभामंडपात सांधेदुखीवर व्याख्यान झाले. वक्ते दोन होते. पहिल्याने सांगितले की वेदनाशामक गोळी हे संथ विष आहे, ती किडनी खाते, म्हणून दुखणे सहन करावे, तेल चोळावे, पण गोळीला शिवू नये. दुसऱ्याने सांगितले की आपण स्वतः वीस वर्षे गोळी घेत आहोत, काहीही झालेले नाही, लोकांनी उगाच घाबरू नये. पहिल्याला टाळ्या अधिक पडल्या. मग बायकांच्या मागच्या रांगेतून साठी ओलांडलेल्या एक मावशी गुडघ्यावर हात टेकवत उठल्या आणि म्हणाल्या, “समदं खरं असंल, पण रातच्याला झोप लागत नाही. मंग ती गोळी घेऊ का नको, एवढंच सांगा.” या साध्या प्रश्नाचे उत्तर दोघांपैकी एकालाही देता आले नाही, कारण दोघांनीही तोवर गोळीविषयीच बोलणे केले होते, ती घेणाऱ्या माणसाविषयी कोणी काही विचारलेच नव्हते.

माझे म्हणणे आधीच सांगतो. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रॉक्सेन या कुळातील दाहशामक, म्हणजे सूज आणि ठणका कमी करणारी, औषधे उपयुक्तही आहेत आणि धोकादायकही आहेत. ती घ्यावीत की नाही हे ठरवायचे असेल तर दुखणे कोणते, शरीर कोणाचे, मात्रा किती आणि दिवस किती, हे चार प्रश्न विचारण्यावाचून गत्यंतर नाही. ते न विचारता गोळीला दोषी ठरवणारा आणि ते न विचारता तिला निर्दोष ठरवणारा, असे दोघेही रुग्णाला एकाच आडरानात सोडून जातात. त्यातही पहिल्या वक्त्याचा सूर मला अधिक काळजीत टाकतो, कारण तो हितचिंतकाचा सूर आहे आणि म्हणून लवकर पटतो. औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली. या औषधांची भीती वाटावी इतके मी त्यांना ओळखतो, आणि नुसत्या भीतीने कोणाचाही गुडघा बरा होत नाही हेही जाणतो.

विलो वृक्षाच्या सालीने हिवताप उतरतो असे एडवर्ड स्टोन या इंग्रज पाद्र्याने १७६३ साली रॉयल सोसायटीला कळवले होते. त्या सालीतील द्रव्याच्या कुळातील ॲस्पिरिन १८९७ साली बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले आणि १८९९ पासून बाजारात आले. तरीही ही औषधे शरीरात नेमके काय करतात हे कळायला १९७१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी जॉन व्हेन या ब्रिटिश औषधशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की ती प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांची निर्मिती रोखतात. पुढे १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. सुजलेल्या सांध्यात ठणका उठतो तो बऱ्याच अंशी याच द्रव्यांमुळे. पण जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात तीही हीच द्रव्ये, आणि अंगातले पाणी कमी झाले असताना मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह टिकवून धरतात तीही हीच. गोळी गुडघ्यात जे काम करते तेच पोटात आणि मूत्रपिंडात करते. तांदळातून खडे निवडावेत तसा या गोळीतून तिचा अपाय निवडून काढता येत नाही, आणि अपाय आहे म्हणून तिचा उपाय खोटाही ठरत नाही.

विरोधकांची बाजू कमकुवत करून मांडण्यात अर्थ नाही, कारण ती कमकुवत नाहीच. या गोळ्यांनी जठरात व्रण होतात, आणि ते पुष्कळदा आधी दुखत नाहीत; एके दिवशी डांबरासारखी काळी शौचास होते तेव्हाच रक्तस्राव लक्षात येतो. इंजेक्शन घेतले म्हणजे पोट वाचते असा आपल्याकडे पक्का समज आहे, पण औषध टोचून घेतले तरी ते रक्तावाटे जठरापर्यंत पोहोचते आणि तिथे तेच करते. हृदयाचा धोकाही कल्पित नाही. २०१३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात शेकडो चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात असे दिसले की डायक्लोफिनॅक दिवसाला १५० मिलिग्रॅम, किंवा आयब्युप्रोफेन दिवसाला २४०० मिलिग्रॅम, या भरघोस मात्रेत वर्षभर घेणाऱ्या दर हजार जणांमागे हृदयविकारासारख्या गंभीर घटना सुमारे तीनने वाढतात आणि त्यांतील एक प्राणघातक ठरते. पोट सांभाळणारी म्हणून १९९९ साली आलेली रोफेकॉक्सिब ही गोळी जगभर कोट्यवधी लोकांनी घेतली, आणि हृदयाच्या झटक्यांचे प्रमाण वाढल्याचे सिद्ध झाल्यावर सप्टेंबर २००४ मध्ये तिच्या निर्मात्यांना ती बाजारातून काढून घ्यावी लागली. एका अवयवाची काळजी घेताना दुसऱ्याकडे पाठ फिरवली की काय होते, याचे यापेक्षा ठसठशीत उदाहरण औषधांच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

मराठवाड्यात या धोक्यांना हवामानाची आणि कामाची जोड मिळते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर चढलेला असताना जो माणूस दिवसभर उन्हात राबतो आणि पाणी दूर म्हणून कमी पितो, त्याचे मूत्रपिंड ज्या द्रव्यांच्या आधारावर तग धरून असते तीच द्रव्ये ही गोळी बंद करते. त्याला रक्तदाब असेल आणि त्यासाठी तो टेल्मिसार्टनसारखी गोळी लघवी वाढवणाऱ्या औषधासह घेत असेल, तर तिसरी ही वेदनेची गोळी मिळून मूत्रपिंडावर तिहेरी भार पडतो. वैद्यकात हा संयोग चांगला परिचित आहे. शिवाय या गोळ्या रक्तदाब वाढवतात, म्हणजे ज्या रोगासाठी एक गोळी चालू आहे तो रोग दुसरी गोळी बिघडवत राहते. निरोगी तरुणाने पाय मुरगळल्यावर चार दिवस घेतलेली गोळी आणि पासष्ट वर्षांच्या रक्तदाबाच्या रुग्णाने वैशाखात सलग दोन महिने घेतलेली गोळी, या दोन वेगळ्या घटना आहेत. ‘गोळीने किडनी जाते’ या एका वाक्यात त्या दोन्ही कोंबल्या की पहिल्याला विनाकारण भीती वाटते. दुसऱ्याला त्याचा खरा धोका कळतच नाही, कारण शेजारच्या तरुणाला काही झालेले नाही हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते.

या वादात गिधाडांचे उदाहरण हमखास दिले जाते, आणि ते द्यायलाच हवे. पण ते शेवटपर्यंत सांगितले जात नाही. गिधाडे नाहीशी का झाली याचे उत्तर २००४ साली मिळाले. डायक्लोफिनॅक दिलेली जनावरे मेल्यानंतर त्यांचे मांस खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती आणि त्यांच्या अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर साचत होते. भारताने २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद केले. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात आहेत असे दिसल्यावर २०१५ साली माणसांचे इंजेक्शनही तीन मिलिलिटरच्या एकाच मात्रेत विकण्याचा नियम केला. इथवर सर्वजण सांगतात. पण त्या गाई-बैलांच्या दुखण्याचे पुढे काय झाले? त्यांना कोणी ‘सहन करा’ असे सांगितले का? त्यांच्यासाठी मेलोक्सिकॅम पुढे आणले गेले, गिधाडांना ते बाधत नाही हे आधी तपासले गेले, आणि हे मेलोक्सिकॅम दाहशामक गोळ्यांच्या त्याच कुळातील आहे. एका औषधाचा घात सिद्ध झाल्यावर शास्त्राने आणि सरकारने त्याच कुळातील तुलनेने सुरक्षित औषध शोधले, नियम नेमका केला, पळवाट दिसली तशी ती बुजवली, आणि हे सारे करताना बैलाची वेदना खरी मानली. बैलाच्या बाबतीत दाखवलेला हा विवेक खुरपणी करणाऱ्या बाईच्या बाबतीत का सुटावा?

‘सहन करा’ हा सल्ला कोण कोणाला देतो तेही पाहिले पाहिजे. कापूस वेचणीला जाणारी बाई दिवसभर कमरेत वाकलेली असते. ऊसतोडीला गेलेले जोडपे, ज्याला कारखान्याच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पहाटे फडात उतरते, आणि एक दिवस अंग टाकले तर खाडा पडून पैसे कापले जातात. अशा बाईच्या हातात संध्याकाळी मेडिकलवरून आणलेली गोळी असते ती उद्याचा खाडा वाचवण्यासाठी. तिला संयम शिकवणारा माणूस तिची मजुरी भरून देणार आहे का? गर्भाशय काढलेल्या ऊसतोड महिलांचे प्रमाण पाहून राज्य सरकारला २०१९ साली समिती नेमावी लागली होती, हे बीड जिल्हा विसरलेला नसेल. दुखण्यामुळे काम थांबू नये म्हणून शरीराशीच तडजोड करायची, ही रीत तेव्हाही दिसली होती. तेव्हा आपण त्या बायकांना अविचारी म्हटले नाही, म्हणायलाही नको होते. मग गोळी घेणाऱ्या बाईला अविचारी का म्हणावे?

शिवाय सहन केल्याने गुडघा सुधारतो हे वैद्यकीयदृष्ट्याही खरे नाही. झिजेच्या संधिवातात मांडीच्या पुढच्या स्नायूचे बळ हा गुडघ्याचा मोठा आधार असतो. दुखते म्हणून माणूस पाय वापरत नाही, न वापरल्याने तो स्नायू वाळतो, स्नायू वाळल्याने सांध्यावर अधिक भार येतो आणि दुखणे वाढते. हे चक्र तोडण्यासाठी व्यायाम हवा, शक्य असेल तिथे वजन उतरायला हवे, आणि व्यायाम करता यावा इतपत वेदना आधी कमी व्हायला हवी. गोळीची खरी जागा इथे आहे: थोड्या दिवसांसाठी, पुरेल तेवढ्या किमान मात्रेत. गुडघ्यासाठी तर त्याआधी डायक्लोफिनॅकचे चोळायचे जेल वापरून पाहावे, कारण त्यातले औषध रक्तात फारच थोडे उतरते. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनाही गुडघ्याच्या झिजेसाठी आधी जेलच सुचवतात. पहिल्या वक्त्याने ‘तेल चोळा’ म्हटले, तेव्हा ‘किंवा हे जेल चोळा’ एवढे जरी पुढे म्हटले असते तरी त्या सभेचे कल्याण झाले असते.

गोळीच्या भीतीचा सर्वांत वाईट परिणाम पुड्यांच्या धंद्यात दिसतो. गोळीने किडनी जाते म्हणून घाबरलेला माणूस आठवडी बाजारात किंवा एखाद्या ओळखीच्या माणसामार्फत ‘जडीबुटीची’ पुडी आणतो आणि तीन दिवसांत उड्या मारू लागतो. अशा पुड्यांत स्टिरॉइड आणि वेदनाशामके कुटून घातलेली तपासणीत वारंवार सापडली आहेत. हा तीन दिवसांचा चमत्कार वैद्यकाने स्वतः एकदा अनुभवलेला आहे. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते त्या रोगाने, खिळलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन हे स्टिरॉइड टोचले आणि ती काही दिवसांत चालू लागली. दोनच वर्षांनी, १९५० साली, त्या कामाला नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतरच्या काळात सुजलेले चेहरे, ठिसूळ झालेली हाडे, वाढलेली साखर आणि औषध एकाएकी थांबवताच कोसळणारे रुग्ण डॉक्टरांच्या समोर येऊ लागले, आणि स्टिरॉइड किती जपून वापरावे लागते हे वैद्यक फार मोठी किंमत मोजून शिकले. ते शिकलेले सारे पुसून टाकून, मात्रा न सांगता, नाव न सांगता तेच औषध पुडीतून दिले जाते, आणि ते घेणारा माणूस आपण गोळी सोडली या समाधानात असतो.

यात आयुर्वेदाला दोष देण्याचा माझा हेतू नाही; उलट या वादात आयुर्वेदाकडून शिकण्यासारखी एक मोठी गोष्ट आहे. चरकसंहितेत वातरक्ताचे (साधारणपणे आजचा युरिक आम्लाचा वात) वर्णन वेगळे आहे आणि संधिगत वाताचे (साधारणपणे आजची सांध्यांची झीज) वेगळे आहे. पुढे माधवनिदानात आमवात हा स्वतंत्र रोग म्हणून सविस्तर आला. सांधा दुखतो एवढ्यावर न थांबता तो कोणत्या प्रकारे दुखतो, सूज कुठे आधी येते, ताप आणि जडपणा असतो का, हे विचारणारी ही परंपरा हजार वर्षांहून जुनी आहे. माधवनिदान हा ग्रंथच मुळी रोगनिदानाचा आहे. आज आपण झीज, आमवात, युरिक आम्लाचा वात आणि चिकुनगुनियानंतरची सांधेदुखी या साऱ्यांना ‘वात’ या एका शब्दात बसवतो, सगळ्यांवर एकच गोळी घेतो, आणि मग वाद त्या गोळीवर घालतो. २००६ च्या चिकुनगुनियाच्या साथीत मराठवाड्यातील घरेच्या घरे आखडली होती. त्या दुखण्यात काही आठवड्यांची दाहशामक गोळी योग्यच असते, मात्र तापाच्या पहिल्या दिवसांत, डेंग्यू नाही हे कळेपर्यंत, ती टाळावी लागते, कारण डेंग्यूत तिने रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्याच रुग्णाला, त्याच सांध्यासाठी, एका आठवड्यात जी गोळी चूक ती पुढच्या आठवड्यात बरोबर ठरू शकते.

गोळीवरचा सर्वांत गंभीर आरोप मात्र पहिल्या वक्त्याने केलाच नाही. तो मी करतो, कारण तो माझ्या घरात घडलेला आहे. माझ्या आत्या परभणी जिल्ह्यातल्या. पस्तिशीत त्यांच्या बोटांची पेरे सुजू लागली. सकाळी दोन-दोन तास मूठ वळत नसे, भाकरी थापता येत नसे. दवाखान्यात गेले की सुई आणि गोळी मिळे, चार दिवस बरे वाटे, पुन्हा तेच. आठ वर्षे असे चालले. गोळी ठणका उतरवत होती आणि आत आमवात सांधे कुरतडत होता, कारण दाहशामक गोळी आमवाताची वेदना कमी करते, पण सांध्याची नासाडी थांबवू शकत नाही. ती थांबवणारी औषधे वेगळी आहेत. त्यांतले प्रमुख मेथोट्रेक्सेट तर स्वस्त आहे. ते आठवड्यातून एकदाच, फॉलिक ॲसिडसह आणि रक्ताच्या नियमित तपासण्या करत घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते, म्हणून त्यासाठी जाणता डॉक्टर लागतो. आत्यांना तो डॉक्टर भेटला तेव्हा बोटे बाहेरच्या बाजूला वळून गेली होती, आणि ती परत सरळ होणे नव्हते. गोळीने रोग झाकला, हे खरे. पण आत्यांनी गोळी न घेता आठ वर्षे नुसते सोसले असते तरी बोटे वाकायची राहिली नसती. त्या आठ वर्षांत ‘सकाळी किती वेळ आखडतं?’ हा एक प्रश्न कोणी विचारला असता तर त्यांचे हात वाचले असते.

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली सुमारे चार हजार प्रौढांची पाहणी झाली होती. त्यांत शंभरातल्या अठरा जणांना सांध्यांची आणि स्नायूंची दुखणी होती, आणि साधारण दोनशेंमागे एकाला आमवात. हाच हिशेब आपल्याकडे धरला तर दोन हजार प्रौढांच्या गावात आमवाताचे दहा रुग्ण असतील. त्यांतल्या किती जणांना आपल्या रोगाचे नाव माहीत आहे?

यावर काहींचे उत्तर असते की चिठ्ठीशिवाय गोळी विकूच देऊ नये. डायक्लोफिनॅकसारखी औषधे नियमानुसार चिठ्ठीवरचीच आहेत, आणि तो नियम पाळला गेला पाहिजे हे मला मान्य आहे. पण चिठ्ठी लिहिणारा सांधा तपासणार नसेल तर त्या कागदाने काय साधणार? मेडिकलवाल्याऐवजी डॉक्टरने तीच गोळी दिली, एवढाच फरक उरेल, आणि वर तपासणीचे पैसे लागतील. नेमके निर्बंध मात्र उपयोगी पडतात: बारा वर्षांखालील मुलांना निमेसुलाइड हे याच कुळातील औषध देण्यावर २०११ साली बंदी आली, ती योग्यच होती. मोठ्या माणसांबाबत मला दोन गोष्टी तातडीच्या वाटतात. सरकारी आरोग्य तपासणीत तिशीपुढच्या लोकांचा रक्तदाब, साखर आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची लक्षणे पाहिली जातात. त्याच वहीत दोन प्रश्न वाढवावेत, सकाळी सांधे अर्ध्या तासाहून जास्त आखडतात का, आणि दुखण्याची कोणती गोळी किती दिवसांपासून चालू आहे. आणि ज्याला रक्तदाबाची गोळी दिली जाते त्याची वेदनेची गोळी तिथेच तपासून क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे रक्तातले प्रमाण, पाहावे. यासाठी नवी इमारत लागत नाही.

त्या दिवशी सभा उठल्यावर मी त्या मावशींजवळ जाऊन बसलो आणि त्यांची गोळ्यांची पिशवी पाहिली. त्यात दोन वेगळ्या नावांच्या पाकिटांत एकच एसिक्लोफिनॅक होते, आणि दोन्हींतली एकेक गोळी त्या सकाळ-संध्याकाळ घेत होत्या. रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणाऱ्या औषधासह होती. एका कागदावर सर्व लिहून त्यांना तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जायला सांगितले. क्रिएटिनिन वाढलेले निघाले. डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या बंद केल्या, जेल दिले, खाटेवर बसून पाय सरळ उचलण्याचा व्यायाम दाखवला, आणि फारच ठणकले त्या रात्रीपुरते पॅरासिटामॉल लिहून दिले. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला, झोप थोडी लागते म्हणाल्या. मग फोन त्यांनी सुनेकडे दिला. तिचे वय चौतीस. सकाळी नऊ वाजेपर्यंत तिची बोटे वळत नाहीत, आणि हे म्हातारपणाचे दुखणे आपल्याला कसे होईल या विचाराने तिने वर्षभर कोणाला सांगितले नव्हते. येत्या सोमवारी ती अंबाजोगाईला सांधे दाखवायला जाणार आहे.